मार्जिन पातळी टक्क्यांत नव्हे, भावात सांगा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

लिव्हरेजवर, म्हणजे थोड्या अनामतीवर तिच्या अनेक पट किमतीचा सौदा घेण्याच्या सोयीवर, चालणाऱ्या सीएफडी व्यवहारांविषयी वर्तमानपत्रांच्या अर्थविषयक पानांवर जो मजकूर येतो, त्यात ‘जोखीम मोठी आहे, जपून राहावे’ हे वाक्य हमखास असते. ते खरे आहे आणि ते छापलेच पाहिजे; परंतु आपला सौदा नेमका कधी, कोणाच्या हुकमाने आणि कोणत्या भावाला बंद होईल, हे वाचकाला त्यातून कळत नाही. असे व्यवहार पुरवणाऱ्या एका कंपनीच्या तक्रार विभागात मी सात वर्षे काम केले. त्या काळात जी तक्रार माझ्या टेबलावर सर्वांत जास्त वेळा आली, ती एकच होती : ‘मला न विचारता माझे सौदे बंद केले गेले.’ हिशेब तपासायला घेतला की बहुतेक वेळा कंपनीचा आकडा बरोबर निघत असे, आणि तरीही तक्रार करणारा माणूस खोटे बोलत नसे. पडद्यावरच्या आकड्याचा त्याने एक अर्थ लावलेला असे आणि करारात त्याच आकड्याचा अर्थ दुसरा असे. हा अर्थाचा फरक नेमका कुठे पडतो, ते आपल्या वाचकांपुढे मांडावे म्हणून हे पत्र लिहीत आहे. पत्र थोडे लांबले आहे, पण विषयच असा आहे की तो आकड्यांशिवाय सांगता येत नाही.

सीएफडी म्हणजे फरकाचा करार. यात सोने, तेल, शेअर किंवा चलन प्रत्यक्ष विकत घेतले जात नाही. सौदा उघडतानाचा भाव आणि तो बंद करतानाचा भाव यांतला फरक एका पक्षाने दुसऱ्याला द्यायचा, एवढाच करार असतो. सौद्याच्या पूर्ण किमतीऐवजी तिचा लहानसा हिस्सा अनामत म्हणून अडकवून ठेवला जातो, त्याला मार्जिन म्हणतात. लिव्हरेज १:३० असेल तर ही अनामत किमतीच्या तिसाव्या हिश्शाएवढी असते. नफा-तोटा मात्र पूर्ण किमतीवर मोजला जातो.

खात्याच्या पडद्यावर याचे काही आकडे सतत हलत असतात. बंद झालेल्या सौद्यांचा हिशेब होऊन जी रक्कम उरते ती शिल्लक. त्या शिलकेत उघड्या सौद्यांचा त्या क्षणीचा नफा मिळवला किंवा तोटा वजा केला की जी रक्कम येते ती इक्विटी. सर्व उघड्या सौद्यांसाठी धरून ठेवलेली अनामत म्हणजे अडकलेले मार्जिन, आणि इक्विटीतून ते वजा केल्यावर उरते ते मोकळे मार्जिन. इक्विटीला अडकलेल्या मार्जिनने भागून शंभराने गुणले की मार्जिन पातळी मिळते आणि ती टक्क्यांत दाखवली जाते. ही पातळी १०० टक्क्यांवर आली की सहसा नवा सौदा घेता येत नाही आणि मार्जिन कॉलचा इशारा येतो; ती आणखी खाली, बऱ्याच ठिकाणी ५० टक्क्यांवर, घसरली की यंत्रणा आपणहून सौदे बंद करू लागते. याला स्टॉप-आउट म्हणतात. स्टॉप-लॉस आणि स्टॉप-आउट यांत अनेकांची गल्लत होते, म्हणून एवढे सांगून ठेवतो की स्टॉप-लॉस, म्हणजे ठरावीक भावाला सौदा तोट्यात बंद करण्याचा हुकूम, ग्राहक स्वतः लावतो, तर स्टॉप-आउट करारातच लावलेला असतो आणि तो ग्राहकाला काढता येत नाही.

आता एक उदाहरण बारकाईने पाहू. खात्यात १,००० डॉलर आहेत. युरो-डॉलरचा भाव १.१००० असताना ग्राहक २०,००० युरोंचा खरेदीचा सौदा घेतो. सौद्याची किंमत २२,००० डॉलर झाली, आणि १:३० लिव्हरेजवर अडकलेले मार्जिन सुमारे ७३३ डॉलर झाले. मार्जिन पातळी १३६ टक्के दिसते. भावाच्या चौथ्या दशांश स्थळावरचा एक अंक म्हणजे एक पिप. या सौद्यात एका पिपला दोन डॉलर पडतात. भाव १३३ पिप विरुद्ध गेला की २६७ डॉलर तोटा होऊन पातळी १०० टक्क्यांवर येते. इक्विटी ७३३ ची निम्मी, म्हणजे ३६७ डॉलर, झाली की स्टॉप-आउट होतो; त्यासाठी ६३३ डॉलर तोटा व्हावा लागतो, म्हणजे भाव सुमारे ३१७ पिप खाली, १.०६८३ पर्यंत, यावा लागतो. भावातली घसरण तीन टक्क्यांहूनही कमी, खात्यातली घट ६३ टक्के. ‘५० टक्के स्टॉप-आउट’ याचा अर्थ ‘माझे निम्मे पैसे तरी वाचतील’ असा अनेक जण धरून चालतात, तो येथेच खोटा ठरतो, कारण ते ५० टक्के खात्यातल्या पैशांचे नसून अडकलेल्या मार्जिनचे असतात.

हाच सौदा, तेवढाच, त्याच भावाला, १:५०० लिव्हरेजच्या खात्यात घेतला तर अडकलेले मार्जिन फक्त ४४ डॉलर होते आणि पडद्यावर मार्जिन पातळी सुमारे २,२७३ टक्के झळकते. हे पाहणाऱ्याला वाटते की आपण पहिल्यापेक्षा सोळा-सतरा पटींनी सुरक्षित आहोत. प्रत्यक्षात स्टॉप-आउटचे अंतर ३१७ पिपांवरून ४८९ पिपांवर जाते, म्हणजे जेमतेम दीडपट होते, आणि तो स्टॉप-आउट झाल्यावर खात्यात ३६७ ऐवजी २२ डॉलर उरतात. टक्क्यांचा आकडा सोळापटीने वाढला, पण भावाशी असलेले अंतर त्या प्रमाणात वाढले नाही आणि शेवटी हातात उरणारी रक्कम तर जवळजवळ नाहीशी झाली. माझे सगळे म्हणणे या एका तुलनेत आहे. मार्जिन पातळी हे गुणोत्तर आहे. त्याच्या छेदात काय बसवले आहे हे पाहिल्याशिवाय त्याला काही अर्थ नाही, आणि तो छेद ग्राहकाने नव्हे, करार पुरवणाऱ्याने ठरवलेला असतो.

अर्थात १:५०० ची सवलत असलेला माणूस इतका लहान सौदा घेऊन थांबत नाही, हे मी अनेक खात्यांत पाहिले आहे. ‘मोकळे मार्जिन ९५६ डॉलर’ असा आकडा समोर दिसला की तो खर्च करण्याजोगा पैसा वाटतो. मग त्याच १,००० डॉलरांवर ४,००,००० युरोंचा सौदा घेतला जातो. किंमत ४,४०,००० डॉलर, मार्जिन ८८० डॉलर, एका पिपला ४० डॉलर. स्टॉप-आउट ४४० डॉलर इक्विटीवर, म्हणजे ५६० डॉलर तोट्यावर, म्हणजेच १४ पिपांवर. खरेदीचा आणि विक्रीचा भाव यांत एका पिपचे अंतर असेल तर सौदा घेतल्या क्षणीच त्यातला एक पिप गेलेला असतो आणि तेरा उरतात. महत्त्वाची आर्थिक आकडेवारी जाहीर होते त्या सेकंदाला युरो-डॉलरचा भाव तेरा पिप इकडेतिकडे होण्यात काहीही विशेष नाही. असे खाते बुडते तेव्हा बाजार त्याच्या विरुद्ध गेला असे म्हणणेही मला पटत नाही. बाजार जागच्या जागी श्वास घेत होता आणि तेवढ्यात खाते संपले.

आता त्या तक्रारीकडे येतो, जिच्यामुळे मी या विषयाकडे वेगळ्या नजरेने पाहू लागलो. ग्राहकाने २,००० डॉलरच्या खात्यात, १:१०० लिव्हरेजवर, एक लाख युरोंचा विक्रीचा सौदा, म्हणजे भाव उतरला तर नफा आणि चढला तर तोटा असा, १.१००० ला घेतला होता. मार्जिन १,१०० डॉलर, एका पिपला १० डॉलर, स्टॉप-आउट ५५० डॉलर इक्विटीवर. म्हणजे १४५ पिप, म्हणजे भाव १.११४५. हा हिशेब त्याने स्वतः केलेला होता आणि तो अगदी बरोबर होता. इतकी तयारी करणारे ग्राहक फार थोडे असतात. रात्री सौदा बंद झाला. दुसऱ्या दिवशी त्याने चार्टचे चित्र पाठवले. चार्टवर त्या रात्रीचा सर्वोच्च भाव १.११३५ होता. ‘माझ्या पातळीच्या दहा पिप अलीकडे बाजार थांबला, मग माझा सौदा तुम्ही कोणत्या भावाला बंद केलात?’ असे त्याने लिहिले होते, आणि पत्रातली भाषा संतापाची होती, ती मला समजत होती.

नोंदी काढून पाहिल्यावर उत्तर सापडले. सौदे घेण्याच्या त्या मंचावरचा चार्ट, सहसा असतो तसा, बिड भावाचा होता. म्हणजे ज्या भावाला ग्राहकाला विकता येते तो. विक्रीचा सौदा बंद करायचा तर परत खरेदी करावी लागते, आणि ती आस्क भावाला होते. दिवसभर या दोन भावांत एखाद्या पिपचे अंतर असते. परंतु न्यूयॉर्कमध्ये संध्याकाळी पाच वाजता चलन बाजाराचा एक दिवस संपून दुसरा सुरू होतो, तेव्हा काही मिनिटे मोठ्या बँका भाव देण्यात हात आखडता घेतात आणि हे अंतर, म्हणजे स्प्रेड, रुंदावते. त्या रात्री ते १२ पिप झाले होते. बिड १.११३५ असताना आस्क १.११४७ वर गेला, इक्विटी ५३० डॉलरवर आली, पातळी ५० टक्क्यांखाली गेली आणि सौदा कापला गेला. दहा मिनिटांनी स्प्रेड पुन्हा एका पिपवर आला होता. स्प्रेड रुंदावला नसता तर बिडच्या त्याच सर्वोच्च क्षणी आस्क १.११३६ राहिला असता, इक्विटी ६४० डॉलर आणि पातळी ५८ टक्के राहिली असती, आणि सौदा जिवंत राहिला असता.

करारानुसार कंपनीचे काही चुकले नव्हते. तरीही ज्या चार्टवर ग्राहक दिवसरात्र नजर ठेवून असतो त्या चार्टवर त्याचा सौदा मोडणारा भाव उमटतच नाही, ही गोष्ट मला तेव्हाही योग्य वाटली नाही आणि आजही वाटत नाही. आस्क भावाची रेषा चार्टवर चालू करण्याची सोय बहुतेक मंचांवर असते. ती विक्रीचा सौदा घेतला जाताच आपोआप चालू व्हावी, एवढी साधी सुधारणा करायला कोणाचीच आडकाठी असू नये.

भाव न हलताही पातळी घसरू शकते, याची आणखी दोन कारणे थोडक्यात सांगतो. सौदा रात्रभर ठेवला की त्यावर व्याजाचा आकार लागतो, आणि चलन-जोड्यांमध्ये बुधवारी तो सहसा तीन दिवसांचा एकदम लागतो. इक्विटी तेवढी झिजते, अडकलेले मार्जिन तेवढेच राहते. दुसरे कारण अधिक गंभीर आहे. निवडणूक, सार्वमत किंवा मोठ्या घोषणेआधी मार्जिनची टक्केवारी वाढवण्याचा अधिकार करार पुरवणाऱ्याने कलमांत राखून ठेवलेला असतो. पहिल्या उदाहरणातले ७३३ डॉलर मार्जिन दुप्पट केले तर तोटा शून्य असतानाही १३६ टक्क्यांची पातळी ६८ टक्क्यांवर येते. अशा सूचना ई-मेलने येतात, आणि ई-मेल न वाचणे हा काही कोणाचा गुन्हा नव्हे.

मार्जिन कॉल या शब्दात ‘कॉल’ आहे, कारण एके काळी दलाल खरोखरच फोन करून पैसे भरायला सांगत असे आणि ग्राहकाला थोडा वेळ मिळत असे. आज तो पडद्यावर लाल होणारा एक आकडा किंवा फोनवर उमटणारी सूचना आहे. इशारा पोहोचलाच पाहिजे अशी हमी बहुतेक करारांत नसते, आणि भाव वेगाने हलत असेल तर इशारा आणि स्टॉप-आउट यांत काही सेकंदांचेच अंतर राहते.

इशारा मिळाला आणि वेळही मिळाला, तर काय करावे? बहुसंख्य लोक पैसे भरतात. सूचनेसोबत पैसे भरण्याचे बटणही समोरच असते. परंतु आकडे काय म्हणतात ते पाहा. पहिल्या उदाहरणात भाव १३३ पिप खाली आला आहे, इक्विटी ७३३ आणि पातळी १०० टक्के आहे. काहीच केले नाही तर स्टॉप-आउट आणखी १८३ पिपांवर आहे. ५०० डॉलर भरले तर पातळी १६८ टक्के होते आणि अंतर ४३३ पिप होते. त्याऐवजी निम्मा सौदा तोट्यात बंद केला, तर अडकलेले मार्जिन निम्मे होते, एका पिपला दोनऐवजी एकच डॉलर पडतो, पातळी २०० टक्के होते आणि अंतर ५५० पिप होते. म्हणजे एक पैसाही नवा न घालता, ५०० डॉलर घातल्यावर जेवढी जागा मिळते त्याहून अधिक जागा मिळते. निम्मा सौदा कापला की निम्मा तोटा पक्का होतो आणि तो डोळ्यांना दिसतो, म्हणून माणूस त्याला भितो. पैसे भरले की तोटा अजून झालेलाच नाही असे स्वतःला सांगता येते. तक्रारींच्या फायलींमध्ये मी अशी खाती पाहिली आहेत, ज्यांत एकाच सौद्याला वाचवण्यासाठी चार-पाच वेळा पैसे भरले गेले आणि शेवटी तो सौदा स्टॉप-आउटलाच गेला. पहिल्या इशाऱ्याला तो बंद केला असता तर जेवढे गेले असते, त्याच्या कितीतरी पट गेले.

सौदे बंद होतात ते कोणत्या क्रमाने, हेही कोणी विचारत नाही. पुष्कळ मंचांवर सर्वाधिक तोट्यातला सौदा आधी कापला जातो, त्याचे मार्जिन मोकळे होते, पातळी पुन्हा मोजली जाते आणि ती अजूनही कमी असेल तर पुढचा सौदा कापला जातो. काही ठिकाणी सगळेच सौदे एकदम बंद होतात. यातून एक फसगत होते. एकाच चलन-जोडीत तेवढीच खरेदी आणि तेवढीच विक्री करून ‘लॉक’ लावला की आपण सुरक्षित झालो, असा समज पक्का रुजलेला आहे. लॉकमध्ये भावाचा परिणाम उरत नाही हे खरे, पण स्प्रेडचा उरतो, कारण खरेदीचा सौदा बिडला मोजला जातो आणि विक्रीचा आस्कला. स्प्रेड रुंदावला, पातळी घसरली आणि तोट्यातली बाजू कापली गेली की नफ्यातली बाजू उघडी पडते, आणि मग भाव उलटला तर तोही नफा वितळून जातो. ज्याने रात्री शांत झोप लागावी म्हणून लॉक लावला होता, त्याला सकाळी अर्धाच लॉक सापडतो.

येथे कोणी विचारील की कंपनीला इतक्या लवकर सौदे कापण्याची गरज काय. हा प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तरही समजून घेतले पाहिजे. खात्यातली इक्विटी संपल्यावरचा तोटा कोणाला तरी सोसावा लागतो. म्हणून ती संपण्याच्या आधीच सौदा बंद करून थोडी उशी राखली जाते. १:३० वर मार्जिन किमतीच्या ३.३३ टक्के असते, त्याचे निम्मे म्हणजे सुमारे १.६७ टक्के. सौदा बंद करण्याचा हुकूम सुटल्यापासून तो प्रत्यक्ष बंद होईपर्यंत भाव आणखी एवढा घसरला तरी खाते शून्याखाली जात नाही. १:५०० वर ही उशी किमतीच्या ०.१ टक्का, म्हणजे १.१००० च्या भावाला केवळ ११ पिप असते. शनिवार-रविवारच्या सुट्टीनंतर बाजार उघडताना एवढी उडी कधीही पडू शकते. स्टॉप-आउट हा एका पातळीला सुटणारा हुकूम आहे. त्या पातळीचा भाव मिळेलच अशी हमी त्यात नाही. बाजारात त्या भावाला घेणारा नसेल, तर पुढचा जो भाव मिळेल त्याला सौदा निघतो.

याचा सर्वांत कठोर धडा १५ जानेवारी २०१५ रोजी मिळाला. स्विस नॅशनल बँकेने सप्टेंबर २०११ पासून एका युरोला १.२० फ्रँक हा किमान भाव राखला होता. त्या आधारावर असंख्य लोकांनी युरोच्या बाजूने मोठे सौदे घेतले होते, कारण खाली जायला जागाच नाही असे सर्वांना वाटत होते. त्या सकाळी बँकेने हा आधार अचानक काढून घेतला आणि काही मिनिटांत युरो एका फ्रँकच्याही खाली गेला. मधल्या भावांना सौदे करायला समोर कोणी नव्हतेच. स्टॉप-लॉस आणि स्टॉप-आउट दोन्ही सुटले, पण ते कितीतरी खालच्या भावांना पूर्ण झाले. अनेकांची खाती शून्य होऊन थांबली नाहीत, उणे झाली. म्हणजे सगळे गमावून वर ते कर्जदार ठरले. एफएक्ससीएम या दलालाच्या ग्राहकांची अशी उणे बाकी सुमारे २२.५ कोटी डॉलर होती आणि त्याला तगून राहण्यासाठी ३० कोटी डॉलरचे कर्ज घ्यावे लागले. अल्पारीची ब्रिटनमधील कंपनी दिवाळखोरीत गेली. पुढे २० एप्रिल २०२० रोजी अमेरिकेतील कच्च्या तेलाचा मे महिन्याचा वायदा उणे ३७.६३ डॉलरवर बंद झाला, तेव्हा शून्य हा तळ धरून केलेले हिशेबही कोसळले.

या अनुभवांनंतर नियामकांनी हात घातला, याचे श्रेय त्यांना दिले पाहिजे. युरोपीय नियामक एस्माने १ ऑगस्ट २०१८ पासून सामान्य ग्राहकांसाठी लिव्हरेजला मर्यादा घातली. प्रमुख चलन-जोड्यांना १:३०, सोने आणि प्रमुख निर्देशांकांना १:२०, इतर बहुतेक वस्तूंना १:१०, एकेका शेअरला १:५ आणि आभासी चलनांना १:२. खात्यातली इक्विटी आवश्यक मार्जिनच्या ५० टक्क्यांवर आली की सौदे बंद करण्यास सुरुवात करणे बंधनकारक झाले, आणि ग्राहकाचा तोटा त्याच्या खात्यातल्या पैशांपलीकडे जाणार नाही असे संरक्षण मिळाले. ब्रिटनने २०१९ मध्ये आणि ऑस्ट्रेलियाने मार्च २०२१ पासून जवळपास अशीच चौकट स्वीकारली; अमेरिकेत तर सामान्य ग्राहकाला सीएफडी विकताच येत नाही. एस्माने तेव्हा असेही नोंदवले होते की निरनिराळ्या देशांच्या नियामकांनी केलेल्या पाहण्यांत ७४ ते ८९ टक्के सामान्य ग्राहकांची खाती तोट्यात होती. म्हणून प्रत्येक कंपनीने आपल्या ग्राहकांपैकी किती टक्के तोट्यात आहेत हे जाहिरातीत छापावे, असा नियम झाला.

हा नियम चांगला आहे, पण माझ्या मते तो अर्ध्यावर थांबला. इतरांपैकी किती बुडाले हे ग्राहकाला सांगितले जाते; त्याचा स्वतःचा सौदा कोणत्या भावाला मोडेल हे सांगण्याचे बंधन मात्र त्यात नाही. मी ज्या ग्राहकाची हकिकत वर सांगितली, त्याला आम्ही सविस्तर उत्तर पाठवले होते. त्या उत्तरात ५० टक्के हा आकडा तीन ठिकाणी होता. तो ज्या १.११४५ वर नजर ठेवून बसला होता, तो भाव त्यात एकदाही नव्हता. कंपनीच्या कोणत्याही पडद्यावरही तो कधी नव्हता. तो त्याने स्वतःच्या वहीत मांडला होता.

माझी मागणी एवढीच आहे की सौदा घेण्याचे बटण दाबण्यापूर्वी, त्याच चौकटीत, तीन आकडे दिसलेच पाहिजेत. सध्याच्या खात्यात हा सौदा कोणत्या भावाला सक्तीने बंद होईल. त्या वेळी खात्यात किती रक्कम उरेल. आणि दिवस बदलतानाच्या नेहमीच्या रुंद स्प्रेडला धरले तर तो भाव किती अलीकडे येईल. ‘खात्यात अनेक सौदे असतील तर असा एक भाव सांगता येत नाही’ असे उत्तर मला कंपनीत मिळत असे. त्यात तथ्य आहे, कारण एका सौद्याचा तोटा दुसऱ्याची जागा खातो. पण इतर भाव स्थिर धरून काढलेला अंदाज ‘अंदाज’ असे लिहून दाखवायला काय हरकत आहे? आभासी चलनांच्या वायद्यांचे कितीतरी मंच प्रत्येक सौद्यापुढे सक्तीने बंद होण्याचा अंदाजित भाव दाखवतातच. म्हणजे अडचण गणिताची नाही. जिथे कंपनी स्वतःच ग्राहकाच्या समोरची बाजू घेऊन बसते आणि तो सौदा पुढे बाजारात उतरवत नाही, तिथे ग्राहकाचा तोटा हा तिचा नफा असतो; अशा रचनेत ग्राहकाला सावध करणारा आकडा कंपनी आपणहून पुढे आणील, अशी अपेक्षा करणे मला व्यवहार्य वाटत नाही. म्हणून हे काम नियमानेच व्हायला हवे.

तोवर ज्यांना हे व्यवहार करायचेच आहेत, त्यांनी तो आकडा हाताने काढावा. इक्विटीतून अडकलेल्या मार्जिनची निम्मी रक्कम वजा करावी, किंवा करारात स्टॉप-आउटची जी टक्केवारी असेल तेवढी, आणि उरलेल्याला एका पिपच्या किमतीने भागावे. जे उत्तर येईल तेवढे पिप आपल्या हातात आहेत. त्यातून रुंद स्प्रेडचे पिप वजा करावेत आणि मग मागच्या महिन्याच्या चार्टवर त्या जोडीचा भाव एका दिवसात किती हलला ते मोजून पाहावे. उरलेले अंतर एका दिवसाच्या नेहमीच्या हालचालीपेक्षाही कमी असेल, तर मार्जिन पातळी दोनशे टक्के दिसो की दोन हजार, तो सौदा आकाराने मोठा आहे.

आपल्या वर्तमानपत्राच्या अर्थविषयक पानावर यापुढे लिव्हरेजविषयी लेख येईल तेव्हा त्यासोबत हा भागाकार एका उदाहरणासह चौकटीत छापावा, अशी माझी विनंती आहे. उदाहरण वर दिलेलेच घेतले तरी चालेल. त्यातले आकडे मी पुन्हा तपासले आहेत.

आपला विश्वासू,
एक वाचक
(पूर्वीच्या नोकरीतील गोपनीयतेच्या बंधनामुळे नाव प्रसिद्ध करू नये, ही विनंती.)